श्वास संपतो तेथे शेजाऱ्याचा सूर

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून एक आगळी मैफल भरत आली आहे. तेथे श्रोत्यांच्या खुर्च्यांवर गायकच बसतात, आणि तेही हजारोंच्या संख्येने. देशोदेशींहून आलेल्या या मंडळींची एकमेकांशी ओळखही नसते. एकदाच तालीम होते आणि त्याच दिवशी जॉर्ज फ्रिडरिक हँडेलची ‘मेसाया’ ही अडीच तासांची रचना सादर केली जाते. एकल गायक आणि वाद्यमेळ व्यावसायिक असतो. वृंद मात्र निखळ हौशी. अशाच योजना लहान प्रमाणावर युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत होतात. कोठे घरी तयारी करून एका दिवसासाठी जमायचे असते, तर कोठे चार-पाच दिवस एकत्र राहून तालमी करायच्या असतात. या वृंदांत पिकल्या केसांची माणसे पहिल्या नजरेतच भरतात. प्रस्तुत पाक्षिकाच्या वाचकांपुढे हा विषय ठेवण्याचे कारण तेच होय.

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. आपण त्यांच्याकडे चार-सहा महिने राहावयास जातो. पहिला महिना कौतुकात जातो. पुढे घरातील सारे आपापल्या कामाला निघून गेले की दिवस मोठा होतो. बाहेर थंडी, संध्याकाळी चार वाजताच अंधार, बोलावयास कोणी नाही. नाताळच्या सुमारास त्या शहरात ‘मेसाया’साठी हौशी गायकांना आवाहन झालेले बहुधा आढळेल. तेथे जावे की नाही, प्रकृतीला झेपेल की नाही, आणि आपल्या वृद्ध आईवडिलांना जाऊ द्यावे की नाही, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या संगीताविषयी दोन शब्द. साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय संगीताला बरोक म्हणतात. ऑरेटोरिओ हा त्यातील एक प्रकार. त्यात नाट्य असते, पण नेपथ्य, वेशभूषा आणि अभिनय नसतो. सर्व काही उभे राहून गावयाचे. ‘मेसाया’ची संहिता चार्ल्स जेनन्स या इंग्रज गृहस्थाने बायबलमधील वचने निवडून सिद्ध केली. संगीत देणारा हँडेल जर्मनीतील हाले गावी १६८५ मध्ये जन्मला, इटलीत घडला आणि लंडनमध्ये स्थायिक झाला. त्यामुळे इंग्रजी शब्द, जर्मन शिस्त आणि इटालियन गळा असा त्रिवेणी मेळ या रचनेत सहजच उतरला आहे. आज ती गाणाऱ्यांत सर्व धर्मांचे आणि कोणताही धर्म न मानणारेही लोक असतात.

हँडेलच्या चरित्राचा आरोग्याच्या पाक्षिकाशी निकटचा संबंध आहे. १७३७ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, त्याच्या उजव्या हातातील शक्ती गेली आणि बुद्धीवरही परिणाम झाल्याचे समकालीनांनी नोंदवले. हा पक्षाघाताचा झटका असावा असे बहुतेकांचे मत आहे. मद्यातील शिशाची विषबाधा असावी, असेही एक अनुमान पुढे आले आहे. जर्मनीतील आखेन येथील उष्ण झऱ्यांवर स्नानोपचार घेऊन तो पुन्हा ऑर्गनवर बसला. त्यानंतर चार वर्षांनी, २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर १७४१ या चोवीस दिवसांत त्याने ‘मेसाया’ लिहून पूर्ण केले. तेव्हा त्याचे वय छप्पन्न होते. त्या काळात ते वृद्धत्वच समजले जाई.

पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये झाला. दाटी होणार म्हणून स्त्रियांनी घेरदार सांगाड्यांचे झगे घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती वर्तमानपत्रांतून करण्यात आली होती. सुमारे सातशे माणसे सभागृहात मावली. जमलेले उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी वाटण्यात आले. एकशे बेचाळीस कैदी त्यातून मुक्त झाले. पुढे १७५० पासून लंडनच्या अनाथ बालकांच्या संस्थेत दरवर्षी प्रयोग होऊ लागले आणि तिला जवळजवळ सात हजार पौंड मिळाले. धर्मादाय कार्याशी या रचनेचे नाते जन्मापासूनचे आहे.

या डब्लिनच्या प्रयोगात एक करुण प्रकरण दडलेले आहे, आणि ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांना ते विशेष जाणवेल. वृंदातील गायक त्या शहरातील दोन प्रमुख चर्चमधून घ्यावयाचे होते. त्यांपैकी सेंट पॅट्रिक्सचा प्रमुख होता ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याची स्मृती आणि विवेक ढासळू लागले होते. आपण अशी परवानगी दिलेलीच नाही, आपल्या गायकांनी त्या सारंगीवाल्यांच्या टोळक्यात गाऊ नये, असे संतापाचे पत्रक त्याने काढले. अखेर गायकांना मोकळीक मिळाली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्विफ्टची बुद्धी कामातून गेल्याचे अधिकृतपणे ठरवण्यात आले. आज हो म्हणायचे, उद्या ते साफ नाकारायचे, आणि जवळच्या माणसांवर आगपाखड करायची, हे दृश्य आपल्यापैकी कित्येकांच्या स्वयंपाकघरातले आहे. स्विफ्टने आपली संपत्ती मनोरुग्णांच्या रुग्णालयासाठी ठेवली होती. ते सेंट पॅट्रिक्स रुग्णालय १७५७ मध्ये उघडले आणि आजही चालू आहे.

गळा, छाती आणि गुडघे

आता आपल्याकडे वळू. समजा, आपण नाव नोंदवले. पहिला प्रश्न येईल : आपला आवाज कोणता? स्त्रियांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा उंच टेनर, खालचा बास. येथे वयाचा विचार करावा लागतो. उतारवयात स्वरतंतू पातळ आणि शिथिल होतात, स्वरयंत्राची लवचीकता घटते. स्त्रियांचा आवाज खाली उतरतो, पुरुषांचा किंचित वर चढून विरळ होतो. तरुणपणी वरच्या पट्टीत गाणाऱ्या बाईंनी सत्तरीत आल्टोच्या रांगेत बसणे शहाणपणाचे असते, आणि त्यात कमीपणा तर मुळीच नाही. मराठी माणसाला आल्टोची ओळ प्रारंभी रुक्ष वाटण्याचा संभव आहे, कारण आपण मुख्य चाल ऐकून गाणारे लोक. येथे चार आवाज एकाच वेळी चार निरनिराळ्या वाटांनी जातात. शेजारच्या चालीच्या मोहात न पडता आपली ओळ धरून ठेवणे हीच खरी कसोटी, आणि मेंदूला व्यायाम घडतो तो येथेच.

स्वरलिपी वाचता न येणाऱ्यांसाठी आज प्रत्येक आवाजाची स्वतंत्र ध्वनिमुद्रणे मिळतात. रोज वीस मिनिटे तीन-चार महिने ऐकली, बरोबरीने गुणगुणली, तर बहुतेक भाग कानात बसतो. गोव्यातील ज्येष्ठ वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. तेथील चर्चच्या पाठशाळांत मेस्त्रींनी पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवले. मुंबईच्या परांजोती वृंदासारख्या संस्थांनी हेच चतुःस्वरी गायन आपल्याकडे रुजवले.

हँडेलच्या वृंदगीतांत लांबलचक ताना येतात. काही गीतांच्या चाली त्याने त्याच उन्हाळ्यात लिहिलेल्या इटालियन युगुलगीतांवरून घेतल्या, म्हणून त्या इतक्या चपळ आहेत. नवखे गायक जोर लावून त्या तोडण्याचा प्रयत्न करतात आणि दम गमावतात. अनुभवी वृंदसंचालक सांगतात की, ओठांवर हसू ठेवून, अर्ध्या आवाजात, प्रत्येक चौकडीच्या पहिल्या स्वरावर हलका स्पर्श करीत पुढे जावे. दम पुरला नाही तर? येथेच वृंदगायनाची खरी गंमत आहे. एका ओळीत गाणाऱ्या वीस जणांनी वेगवेगळ्या जागी श्वास घ्यावयाचा असतो. शब्दाच्या मध्येही चालते. आपण दोन स्वर सोडतो, शेजारी ते धरून ठेवतो, मग आपण अलगद पुन्हा मिसळतो. ऐकणाऱ्याला अखंड सूरच ऐकू येतो. दिंडीत चालता चालता अभंग म्हणणाऱ्या टाळकऱ्यांना ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. एकल गायनात दमा किंवा फुप्फुसांचा विकार माणसाला गप्प बसवतो. वृंदात त्यालाही जागा राहते.

आणखी एक बारीक बाब. काही योजनांत त्या काळच्या पद्धतीची वाद्ये वापरतात. ती आजच्यापेक्षा सुमारे अर्ध्या स्वराने खाली मिळवलेली असतात. वरच्या टोकाला गळा ताणावा लागणाऱ्यांना हा अर्धा स्वर म्हणजे मोठा दिलासा ठरतो. नाव नोंदवताना हे अवश्य विचारावे.

शरीराच्या बाजूने पाहता, गळ्यापेक्षा पायच अधिक लवकर थकतात. या रचनेत वृंदाला वीसेक गीते आहेत; मधल्या एकल गीतांच्या वेळी बसता येते, पण उठबस पुष्कळ होते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना झटकन उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटच्या एकल गीताच्या अखेरीस पाय हलवून, पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन सावकाश उठावे. उभे राहिल्यावर गुडघे ताठ करू नयेत. ताठ गुडघ्यांनी, गरम दिव्यांखाली, पोटात अन्न नसताना उभे राहिलेले तरुण गायकही कोसळतात. बसून गाण्याची परवानगी बहुतेक ठिकाणी मिळते. ती पहिल्याच दिवशी मागून ठेवावी आणि रांगेच्या कडेची जागा घ्यावी. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तालमीच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने ती बंद करू नये, आणि पाणी पिणे तर मुळीच टाळू नये.

संहितेचे पुस्तक अडीचशेहून अधिक पानांचे असते. संधिवाताच्या मनगटाला ते जड जाते. तळहातावर अडकवण्याच्या पट्ट्याची काळी फाइल मिळते, ती घ्यावी. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पुस्तक आणि वर संचालक अशी कसरत करताना मान आखडते. पुस्तक छातीच्या उंचीवर धरल्यास निम्मा त्रास वाचतो. श्रवणयंत्रे बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असल्याने वृंदाचा आवाज त्यातून कर्कश येतो; पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळवणी करता येते, ती तज्ज्ञाकडून आधीच करून घ्यावी. दम्यासाठी स्टिरॉइडचा फवारा घेणाऱ्यांचा आवाज बसतो. प्रत्येक वेळी नंतर चूळ भरण्याचा कंटाळा करू नये. नुकतीच पोटाची अथवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, हर्निया असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर जोर लावून गाण्यापूर्वी डॉक्टरांची संमती हवी. आणि हे सर्वांसाठीच : तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर ते गाण्याचे श्रम समजून सोडून देऊ नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

संशोधन काय सांगते

अमेरिकेत डॉ. जीन कोहेन यांनी २००१ मध्ये एक अभ्यास हाती घेतला. वॉशिंग्टन परिसरातील पासष्टी ओलांडलेल्या, सरासरी ऐंशी वर्षे वयाच्या लोकांचे दोन गट केले. एका गटाने व्यावसायिक संचालकाच्या मार्गदर्शनाखाली नियमित वृंदगायन केले, दुसरा गट नेहमीप्रमाणे राहिला. वर्षभराने गाणाऱ्यांची प्रकृती तुलनेने चांगली आढळली. डॉक्टरकडे जाणे, औषधे आणि पडण्याचे प्रसंग कमी होते. एकटेपणाही कमी होता. मात्र हा गट स्वेच्छेने आलेल्या, बऱ्यापैकी हिंडत्याफिरत्या लोकांचा होता, हे विसरून चालणार नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २०१३ मध्ये दिसून आले की, एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकाच लयीत वरखाली होते. याचे कारण गूढ नाही. गीताची रचनाच सर्वांचा श्वास एका वेळी लांबवते आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. फुप्फुसांच्या जुनाट विकारात गायनाने लाभ होतो असे काही लहान अभ्यास सांगतात. पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. गाण्याने औषधे सुटतात असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी हेलसिंकी येथील २०१४ चा अभ्यास अधिक महत्त्वाचा वाटतो. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेले रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी माणसे अशा ८९ जोड्या त्यात होत्या. काही जोड्यांना दहा आठवडे एकत्र गाण्याचे, काहींना एकत्र संगीत ऐकण्याचे शिक्षण दिले. दोन्ही गटांत रुग्णांची मनःस्थिती सुधारली. गाणाऱ्यांत अल्पकालीन स्मृतीलाही काही काळ लाभ झाला. आणि गाण्याने काळजी घेणाऱ्यांचेही मन हलके झाले. पती-पत्नींपैकी एकाला विसर पडू लागला असेल तर दोघांनी शेजारी शेजारी उभे राहता येईल असा आवाज निवडता येतो का, हे पाहावे. वृंदात दुसऱ्याचे बोट धरून पान उलटणे ही नित्याची गोष्ट आहे. तेथे कोणी वळून पाहत नाही. मात्र अनोळखी देशातील चार दिवसांची निवासी योजना अशा रुग्णाला गोंधळात टाकते. त्यासाठी घराजवळचा, संध्याकाळी घरी परतता येईल असा वृंदच बरा.

नाण्याची दुसरी बाजू मी जाणूनबुजून शेवटी ठेवली नाही, येथेच मांडतो. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका हौशी वृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते, बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत ५३ जण कोविडने आजारी पडले, दोघे दगावले. खोल श्वास, मोठा उच्चार, बंद खोली, दाटीची आसने आणि मध्यंतरातील चहा-बिस्किटे, असे सारे तेथे जुळून आले होते. ज्या दीर्घ श्वासाचे आपण गोडवे गातो त्याच श्वासावाटे जंतूही खोलवर जातात. म्हणून हिवाळ्यात तालमीला जाण्यापूर्वी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांशी बोलावे. खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह धरावा. आणि घसा खवखवत असेल त्या दिवशी, कितीही मन लागले असले तरी, घरी राहावे. आपल्या घरी कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेले कोणी असेल, तर त्या ऋतूपुरते ध्वनिमुद्रणाबरोबर एकट्याने गाणे पत्करावे. हा निर्णय जड जातो, पण तो घ्यावा लागतो.

परदेशातील आजारपणाचा खर्च हा वेगळाच धसका असतो. प्रवासाचा आरोग्यविमा काढताना मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार यांपैकी काहीही लपवू नये. लपवलेल्या आजारावरून दावे नाकारले जातात. औषधांची रासायनिक नावे असलेली चिठ्ठी संहितेच्या पुस्तकातच चिकटवून ठेवावी, म्हणजे ती हरवत नाही आणि शेजारच्या गायकालाही सापडते. मुलांनी एक करावे : पहिल्या तालमीला बरोबर जावे, जिने किती आहेत, प्रसाधनगृह किती दूर आहे, रात्री परतण्याची सोय काय आहे, हे पाहून यावे. त्यानंतर मात्र बरोबर जाऊ नये. तेथील ओळखी त्यांच्या स्वतःच्या होऊ द्याव्यात.

प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्या भागाच्या अखेरीस ‘हालेलुया’ हे वृंदगीत येते आणि श्रोतेही उठून उभे राहतात. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज त्या वेळी भारावून उभा राहिला होता म्हणून ही प्रथा पडली, असे सांगतात. समकालीन पुरावा मात्र नाही. नवख्यांना वाटते, झाले संपले. वास्तविक पूर्ण तिसरा भाग अजून बाकी असतो आणि शेवटचे ‘आमेन’ हे त्या साऱ्यांत दमछाक करणारे. तेव्हा ‘हालेलुया’त सगळी शक्ती उधळू नये. अर्धा आवाज राखून ठेवणारे जुने गायक शेवटी ताजे दिसतात ते यामुळेच.

हँडेलच्या डोळ्यांनी १७५१ पासून दगा दिला. शस्त्रक्रिया झाल्या, गुण आला नाही. बाखवर अयशस्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या जॉन टेलर या फिरत्या नेत्रवैद्याने हँडेललाही हाताळले असे सांगितले जाते. दृष्टी गेल्यावरही तो ऑर्गनवर बसत राहिला. कोणी तरी हात धरून वाद्यापर्यंत नेई. ६ एप्रिल १७५९ रोजी ‘मेसाया’च्या प्रयोगाला तो हजर होता. ११ एप्रिलला त्याने मृत्युपत्रात अखेरची भर घातली आणि वृद्ध, विपन्न संगीतकारांना साहाय्य करणाऱ्या संस्थेला एक हजार पौंड दिले. तीन दिवसांनी, १४ एप्रिलला, तो गेला. ती संस्था आज ‘रॉयल सोसायटी ऑफ म्युझिशियन्स’ या नावाने लंडनमध्ये काम करते.